शेवटची वीत

“बोटं दाखवा.”

क्लास सुटायची वेळ झाली की बाई दारात आडव्या उभ्या राहायच्या. आत आम्ही पाच बायका. कुणाच्या घरी सून आलेली, कुणाचे गुडघे गेलेले, आणि शाळेत नखं दाखवायला पोरं उभी राहतात तशा आम्ही दोन्ही हात पुढे करून रांगेत. बाई एकेकीची बोटं मोजायच्या. नुसतं बघून नव्हे, प्रत्येक बोटाला आपला अंगठा लावून. दहा भरली की म्हणायच्या, “जा आता. घरी सांगा, बाईनं सगळी परत दिली.”

पहिल्या दिवशी मला हसूच फुटलं. मी म्हटलं, “अहो बाई, येताना दहा होती, आता अकरा कुठून होणार?”

“अकराची भीती नाय,” बाई म्हणाल्या. “नवाची हाय.”

तुमच्यापैकी कुणी शहापुरात राहिलं असेल तर तहसील कचेरीच्या मागच्या आळीतलं ते घर तुम्ही पाहिलं असेल. ओटीवर मास्तर पेपर वाचत बसलेले आणि आतून मशिनींचा आवाज. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान, शाळेतून रिटायर झालेले. आतल्या खोलीत भिंतीला बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळीवर कापडाच्या घड्या रंगवार लावलेल्या, आणि खिडकीला पाठ करून तीन मशिनी. हाच क्लास. पाटी नाही, फी लिहिलेला कागद नाही, काही नाही. एकीनं दुसरीला सांगायचं आणि दुसरीनं यायचं.

बाई चणीनं लहानशा. गळ्यात मोजपट्टी, कमरेला पदर खोचलेला. डाव्या हाताच्या तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. मुरबाडच्या एका कंपनीत त्या पंधरा-सोळा वर्षं परदेशात जाणाऱ्या गोधड्या शिवत होत्या, तिथलं ते नख. कंपनी सुटल्यावर त्यांनी मोबाइलवर बघून बघून नवीन तऱ्हा शिकून घेतल्या. पण मोबाइलमधली नावं काही त्यांच्या जिभेवर बसली नाहीत. दोन रंगांचे त्रिकोण जोडून चौकोन करायचा, त्याला त्या समोसा म्हणत. मधे तांबडा तुकडा आणि भोवती पट्ट्या रचत न्यायच्या, ती चूल. गोल पात्याचं कटर म्हणजे चाक. आणि चुकलेला टाका उसवायचं ते टोकदार हत्यार, त्याचं नाव उंदीर. “उंदीर द्या गो कोनतरी” असं बाई ओरडल्या की नवी आलेली बाई पाय वर घेऊन बसायची.

आम्हालाही नावानं हाक मारायची सवय त्यांना नव्हती. गावानं मारायच्या. उंबरमाळीहून एक तरणी सून यायची, ती उंबरमाळी. एक किन्हवली. मी भातसानगर, कारण आमचे हे धरणावर नोकरीला आणि आम्ही तिथल्या कॉलनीत. “भातसानगर, तुमचा समोसा फुटला” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून समोसा खाताना आठवतं.

आता खरं सांगते, मी भित्री बाई नाही. कॉलनीत साप निघाला तर पुरुषांच्या आधी मी काठी घेऊन जाते. पण बाईंच्या मशिनीपुढे माझी गाळण उडाली. लग्नातल्या पायमशिनीवर मी परकर, खोळी शिवलेल्या. ही विजेची. पेडलला नुसता अंगठा टेकवला आणि कापड, सुई, माझा हात सगळं एकदमच निघालं. मी पाय उचलायचा सोडून आणखी दाबला. “अगं बाई गं!” म्हणून किंचाळले तेव्हा बाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

“घाबरलात?”

“हो.”

“बरं झालं. जी घाबरत नाय तिला मी शिकवीत नाय. भ्यायचं, पन पाय ताब्यात ठेवायचा.”

त्या स्वतः तर कशाकशाला भ्यायच्या! पालीला, विजांना, कुकरच्या शिट्टीला. फोन वाजला की दोन रिंग जाऊ द्यायच्या, मगच उचलायच्या. मी विचारलं, असं का? तर म्हणाल्या, “वाईट बातमीला दम नसतो. दोन रिंगांत कोन उचललं नाय तर ती दुसरीकडं जाते.” ओटीवरून मास्तर म्हणाले, “ऐका! सायन्सचा नवा सिद्धांत.” बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही.

आणि त्यांची ती शेवटची वीत.

कापडाचे तुकडे जोडून वरची बाजू झाली, खाली अस्तर लागलं, मधे कापसाचा थर बसला, तिन्ही मिळून टिपा पडल्या, की शेवटी कडेनं गोट फिरवायचा. बाई चारी बाजूंनी गोट फिरवत आणायच्या आणि शेवटी एक वीत उघडी सोडायच्या. तिथं दोरा ओवलेली सुई टोचून गोधडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. “शेवटची वीत तुमची.” गिऱ्हाईक कुरकुरायचं, अहो मला येत नाही शिवायला. “नाय येत तर वाकडी घाला. पन तुमीच घाला. मी पुरी केली तर माझी राहील. तुमी घातलीत तर तुमची होईल.” आम्हाला वाटायचं, काय सुंदर विचार आहे! किन्हवलीनं तर तो मोबाइलच्या स्टेटसवर टाकला. शहापुरात, मुरबाडात, पार आसनगावच्या नव्या बिल्डिंगांत बाईंच्या हातच्या गोधड्या आहेत. त्यांची कड चाचपून पाहा. कुठेतरी वीतभर टाके वेडेवाकडे, निराळ्या हाताचे लागतील.

आता मी तिथं का गेले ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी लेक स्वाती मुरबाडला दिलेली. पहिल्यांदा दिवस गेले ते तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्यांदा पाचव्यात. त्या दुसऱ्या वेळी मी तिच्यासोबत होते आणि तिचा तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही. आता तिसऱ्यांदा राहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, वार खाली आहे, उठायचं नाही, वाकायचं नाही, जिना चढायचा नाही. ती सासरी पलंगावर पडून, आणि मी इकडे भातसानगरला भिंतीकडे बघत. रोज सकाळी फोन करायचा आणि ती उचलेपर्यंत रिंगा मोजायच्या. शेजारीण म्हणाली, “तुम्ही काहीतरी शिका हो, नाहीतर तुम्हालाच अ‍ॅडमिट करावं लागेल.” म्हणून गेले. निदान सगळ्यांना तसं सांगितलं. खरं कारण माझ्या मनात होतं. मला नातवंडाचं दुपटं करायचं होतं. माझ्या हातचं, पिवळ्या-पांढऱ्या समोशांचं.

दोन महिन्यांत माझे कोपरे जुळायला लागले. एक दिवस मी पिवळं मऊ सुती कापड घेऊन गेले आणि कापायला बसले. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“काय करताय?”

“सोफ्यावर टाकायला एक.”

बाईंनी मापाचा कागद उचलला. एक हात रुंद, एक हात लांब. “सोफा केवढासा तुमचा? भातुकलीतला?”

बाकीच्यांनी मशिनी थांबवल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, मीच काहीतरी चोरताना सापडले.

“कितवा चालूय लेकीला?”

“सातवा.”

त्यांनी माझ्या हातातून चाक काढून घेतलं. कापलेले तुकडे गोळा केले, कापडात गुंडाळले आणि पिशवीत घालून पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. “आधी शिवायचं नाय. बारशाला या. एका दिवसात करून देईन.”

मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडेही जुनी माणसं बाळाच्या आधी झबलं बेतत नाहीत. पहिलं अंगडं दुसऱ्या कुणाचं तरी, वापरलेलं घालतात. पण सात महिने भीतीनं माझा जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि आता ही बाई आणखी एक खुंटी मारणार? मी तडकले. “बाई, हल्लीच्या मुली पाळणा आधी मागवतात ऑनलाइन. तुम्ही मोबाइलवर अमेरिकेतलं बघून शिकवता आणि हे काय?”

ओटीवरून मास्तरही आत आले. “बरोबर बोलतात त्या. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना तुला?”

“पाठ हायत. तुमच्यापेक्षा जास्त.”

“मग हे शकुन-अपशकुन मानतेस?”

“मी नाय मानत,” बाई म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या पिशवीवरच होता. “मी कुठं मानते? हात मानतो.”

त्या दिवशी बोटं न दाखवताच मी निघून आले.

मग मी काय केलं असेन? तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही तेच केलं असतं, किंवा नसतं केलं, कोण जाणे. मी घरच्या पायमशिनीवर शिवलं. ईर्ष्येनं शिवलं. पाव इंच सोडून, टोकं जुळवून, मधे कापूस घालून, तिरक्या टिपा मारून. आठ दिवसांत गोटापर्यंत आले. गोट फिरवत फिरवत सुरुवातीच्या जागेपाशी पोचले, वीतभर राहिलं आणि माझे हात थांबले. सवयच झाली होती ती. दुपारचा दीड वाजला असेल. हे जेवून ड्यूटीवर गेलेले. मी स्वतःशीच म्हटलं, छट्! आणि दात-ओठ खाऊन ती वीत पुरी केली. दोरा दातानं तोडला.

चार दिवसांनी ते दुपटं पिशवीत घालून मी क्लासला गेले. शिकायला नव्हे, बाईंना दाखवायला. बघा, पुरं केलंय, आणि काही झालेलं नाही. हेच वाक्य मी जीपमध्ये घोकत होते.

पिशवीतून काढायच्या आधीच माझा फोन वाजला. जावयाचं नाव. बाई सवयीनं म्हणाल्या, “दोन जाऊ द्या.” मी पहिलीच उचलली.

“आई, स्वातीला ब्लीडिंग सुरू झालंय. ॲम्ब्युलन्स मिळाली, कल्याणला नेतोय. पण म्हशाच्या जत्रेचं ट्रॅफिक आहे, समोरून नुसत्या गाड्या. रायत्याच्या पुलापाशी अडकलोय. थांबत नाहीये आई, रक्त थांबत नाहीये...” मागून स्वातीचा आवाज आला. तोच आवाज. फोन कट झाला.

मी खाली बसले. फरशी गार लागली एवढं आठवतं. माझ्या तोंडून निघालं ते हे, “मी पुरी केली. बाई, मी पुरी केली.”

बायकांना काही कळेना. बाईंना कळलं. आता त्या म्हणणार, सांगितलं होतं ना, असं वाटून मी डोळे मिटले. खरं तर मला ते ऐकायचंच होतं. कुणीतरी थोबाडीत मारावी असं झालं होतं.

“कुठंय?” बाई म्हणाल्या.

मी पिशवीकडे बोट केलं. त्यांनी दुपटं काढलं. एवढ्यातही त्यांनी टाक्यांवर एक नजर टाकली, ती त्यांची खोडच. मग कड चाचपत चाचपत बरोब्बर माझी शेवटची वीत शोधली. “उंदीर द्या गो.” उंबरमाळीनं दिला. टोक दोनदा कापडात न शिरता त्यांच्या बोटात शिरलं. त्यांनी ते पुसलं आणि टाका टाका करत आख्खी वीत उसवली. दोऱ्याचे तुकडे फरशीवर पडत होते.

“आता पुरी नाय,” बाई म्हणाल्या. “उठा. मास्तर, गाडी बघा.”

शेजारच्यांची गाडी मिळाली. यांना फोन लावला तर ते धरणाच्या आतल्या भागात, रेंज नाही. बाई माझ्याबरोबर बसल्या. तुम्हाला सांगते, ही बाई शहापूर-मुरबाडच्या पुढे कधी गेली नव्हती. गाडीनं ब्रेक मारला की डोळे मिटायची. त्या दिवशी शहापूर ते कल्याण हायवेचे ट्रेलर अंगावर येत होते आणि ती डोळे उघडे ठेवून समोर बघत होती. मांडीवर दुपटं. उजव्या हाताची चार बोटं तिनं त्या उघड्या वितीत आत खुपसलेली, दाराच्या फटीत पाय घालून दार धरावं तशी. पडघ्याजवळ मी म्हटलं, “बाई, हात अवघडेल.”

“अवघडू दे गो,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला गो म्हणाल्या.

दवाखान्यात पोचलो तेव्हा स्वातीला आत नेलेलं होतं. जावई भिंतीला टेकून उभा, शर्टावर रक्त. कुणाला काही विचारायची सोय नव्हती. दार उघडायचं, नर्स जायची, दार बंद व्हायचं. प्रत्येक वेळी मी उठून उभी राहायची. बाकावर बाई माझ्या शेजारी, बोटं तशीच आत.

मग त्या बोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, हिशोब दिल्यासारखं नव्हे तर जुनं दुखणं डॉक्टरला सांगतात तसं.

“कंपनीत व्हते तवा मला दिवस गेले. कातरकाम करताना चांगले चांगले तुकडे उरायचे. मी जमवले. रोज जेवायच्या सुट्टीत थोडी थोडी शिवायची. सुपरवायझर पन बोलला नाय काय. ज्या दिवशी पुरी झाली, सगळ्या बायकांनी हातात घेऊन बघितली. त्याच आठवड्यात पोरगी झाली. नऊ दिवस राहिली. त्याच गोधडीत गुंडाळून मातीत दिली.”

मी त्यांचा दुसरा हात धरला.

“डॉक्टर बोलला, रक्तात दोष व्हता. मास्तरांनी शंभर येळा समजावलं. मला पन कळतं, मी काय येडी नाय. गोधडीनं कोन मरतं काय?” त्यांनी वितीतली बोटं आणखी आत सरकवली. “पन गोधडीवर राग धरता येतो. रक्तावर कसा धरू, सांगा?”

तेव्हा मला त्यांची ती वीत कळली. आम्ही स्टेटसवर टाकली ती.

दीड तासानं डॉक्टरीण बाहेर आली. रक्त थांबलं होतं. ठोके होते. पण स्वातीला इथंच राहायचं, पडून, जितके दिवस काढता येतील तितके. “एकेक दिवस मोलाचा आहे,” ती म्हणाली. “खात्री कुणी देऊ शकत नाही.”

मी रडले. बाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “दुपटं माझ्याकडं राहू द्याल?”

पुढचे पाच आठवडे मी कल्याणला लेकीच्या पलंगाशी काढले. ते दिवस कसे गेले ते मला लिहिता यायचं नाही. ती शिंकली तरी मी चादर बघायची. ती झोपली की मी तिच्या पोटावर हात ठेवायची, आत हालचाल होईपर्यंत तसाच. आणि रोज सकाळी दहा वाजता शहापूरला फोन लावायची. दोन रिंग जायच्या.

“उघडी हाय,” बाई म्हणायच्या. हॅलोच्या जागी. “बघितली आत्ताच. चार बोटं जातात. जा, जेवून घ्या.”

मी ते मानत होते का? नाही हो. पण ते ऐकल्याशिवाय मला घास उतरत नव्हता. एकदा मास्तरांनी फोन उचलला. मी वाट बघत राहिले. घसा खाकरून मास्तर म्हणाले, “ती नळावर गेलीय. पण... उघडी आहे. मी पाहिली.”

नववा लागता लागता सिझर करावं लागलं. मुलगी झाली. दोन किलोला थोडी कमी. सहा दिवस काचेच्या पेटीत होती आणि त्या सहा दिवसांत मी कुणाला फोन केला नाही, पेढा वाटला नाही, मुलगी झाली हा शब्दसुद्धा मोठ्यानं काढला नाही. नवव्या दिवशी सकाळी तर मी खुर्चीतून उठलेच नाही. दहाव्या दिवशी बाईंना फोन केला.

“बोटं मोजली?” बाईंनी विचारलं.

“मोजली. हातापायांची मिळून वीस.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. “मंग पुरे,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बारशाला त्या आल्या. मुरबाडला, एस्टीनं, मास्तरांना घेऊन. दुपटं आणलं होतं, धुऊन, घडी घालून, उघड्या कडेला सुई टोचलेली. माझ्या हातात दिलं. “शेवटची वीत तुमची.”

मी म्हटलं, “बाई, तुम्हीच घाला. आता काय भ्यायचं?”

“तुमी घाला ना मग.”

मी सुई हातात घेतली. समोर पाळण्यात पोर पाय झाडत होती, गुलाबी, धडधाकट. घरात पंचवीस माणसं, घुगऱ्या वाटल्या जात होत्या. माझ्यासारखी साप मारणारी बाई, आणि मला टाका घालवेना. मी बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे. आणि आम्ही दोघी हसायला लागलो. इतकं हसलो की विहीणबाई बघायला आल्या, काय झालं. मी सुई काढून बाईंच्या पदराला टोचली. दुपटं तसंच पोरीवर घातलं.

क्लास पुढे चालू राहिला. मी पलंगावरच्या मोठ्या गोधड्यांपर्यंत पोचले. बाई बोटं मोजत राहिल्या, पालीला भीत राहिल्या. गेल्या वर्षी भात कापणीच्या दिवसांत त्या दुपारी जेवून मशीनपाशी बसल्या, मास्तरांना म्हणाल्या, जरा पडते, आणि पडल्या त्या उठल्या नाहीत. इतकी भित्री बाई, आणि गेली ती भ्यायलाही वेळ मिळाला नाही. मला बातमी आली तेव्हा माझा फोन वाजत होता आणि मी दोन रिंग जाऊ दिल्या होत्या. तरीही ती आलीच.

महिन्याभरानं मी मास्तरांना भेटायला गेले. नात बरोबर होती, आता चार वर्षांची. मास्तर ओटीवरच बसले होते, पेपर घडी न मोडलेला. आत मशिनींवर चादर. त्यांनी चादर बाजूला केली आणि मशीनवरची गोधडी उचलून मला दिली. चुलीचे चौकोन, मधे तांबडे, कडेला बाईंच्या जुन्या साड्यांच्या पट्ट्या. कुणाची ऑर्डर नव्हती. “स्वतःसाठी करत होती,” मास्तर म्हणाले. “आयुष्यात पहिल्यांदा.”

गोट सगळा फिरलेला. शेवटी वीत उघडी, सुई टोचलेली.

“रोज घेऊन बसतो,” मास्तर म्हणाले. “शेवटची वीत ज्याची गोधडी त्याची, असं तिचं म्हणणं. मग ही कोणी घालायची? मी म्हणतो, हे सगळं खूळ आहे, घालून टाकावी. सुई हातात घेतो.” त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. “मी मानत नाही हो.”

मी गोधडी मांडीवर घेऊन बसले.

आम्ही दोघं असे बसलेलो असताना नातीनं गोधडी आपल्याकडे ओढून घेतली. तिला घरची सवय. झोपताना ती दुपट्याच्या उघड्या वितीत हात घालते, त्याशिवाय तिला झोप येत नाही. कड चाचपत तिनं ही वीतही शोधली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. मी ओरडले, “अगं, सुई आहे तिथं!”

मास्तर खाली वाकले. सुई काढून त्यांनी आपल्या सदऱ्याला टोचली. मग पोरीचा हात अलगद बाहेर काढला, आपला अंगठा एकेका बोटाला लावत गेले, आणि दुसरा हातही मागून घेतला.

“दहा,” मास्तर म्हणाले. “जा आता, खेळ.”